धोंडू परब हसला होता

मालवणी माणसाच्या तोंडात शिवी असायचीच, पण धोंडू परबच्या तोंडात ती जरा जास्तच होती. दिंडोशीच्या वसाहतीत तो आणि त्याचा गाववाला राजाराम एकमेकांना कधी नावाने हाक मारत नसत. राजारामने खालून एक हासडायची, धोंडूने गॅलरीतून तिच्यावर दुसरी चढवायची, आणि मग दोघांनी मिळून चहाला जायचं. म्हणूनच मुलुंडला जे घडलं ते कळल्यावर लोक म्हणाले, धोंडूला कसलं आलंय वाईट वाटायला?

धोंडू मुलुंडच्या एका सभागृहाच्या गेटवर सिक्युरिटीला होता. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर घरातल्यांनी मिळेल ते काम धरलं, आणि कुरिअर, लिफ्टमन असं करत करत धोंडूच्या अंगावर ही निळी वर्दी आली. त्या संध्याकाळी सभागृहात कसलासा पुरस्कार सोहळा होता. मॅनेजरने बजावलं होतं, कोणाचीही गाडी आत सोडायची नाही. आणि नेमकी हर्षद मोकाशीची गाडी आली. हर्षद म्हणजे टीव्हीवरचा विनोदी नट, मुलुंडचाच, आणि बिनधास्त बोलतो म्हणून लोकांनी डोक्यावर घेतलेला.

धोंडूने हात जोडून गाडी बाहेर लावायला सांगितलं. हर्षदने काच खाली केली. चहूबाजूंनी मोबाइल रोखलेले असताना त्याने धोंडूला आईवरून एक लांबलचक, यमक जुळवलेली शिवी दिली. गर्दी खदखदून हसली, शिट्ट्या पडल्या.

आणि धोंडूही हसला. का हसला, ते त्याला पुढे कोणालाच सांगता आलं नाही. साहेबलोकांसमोर उभं राहून राहून तोंडाला जडलेली ती सवय असेल. जोडलेले हात तसेच ठेवून तो हसला आणि त्याने गेट उघडलं.

तो व्हिडिओ वाऱ्यासारखा पसरला. कोणीतरी त्या शिवीला ठेका लावला. मग ती पानाच्या टपरीवर, रिक्षात, लग्नाच्या वरातीत वाजू लागली. लोक गेटवर येऊन धोंडूबरोबर सेल्फी काढायचे आणि जाताना तीच शिवी त्याला ऐकवून जायचे. प्रेमाने हं काका, असंही वर म्हणायचे.

एके दिवशी राजारामने सवयीने खालून शिवी हासडली. धोंडू जिना उतरून धावत गेला आणि त्याने राजारामची कॉलर धरली. दोघंही चपापले. धोंडूने कॉलर सोडली, पण राजाराम त्या दिवसापासून त्याला 'धोंडूभाऊ' म्हणायला लागला. ते धोंडूला शिवीपेक्षा जास्त लागलं.

घरात त्याने म्हाताऱ्या आईला, द्रौपदीबाईंना, यातलं काही कळू दिलं नव्हतं. पण शेजारची शेवंती कौतुकाने सांगत आली की तुमच्या धोंडूला टीव्हीवर दाखवतायत. धोंडूची बायको शकु टीव्ही बंद करायला उठेपर्यंत म्हातारी पुढ्यात येऊन बसली होती. चॅनेलवर चर्चा चालली होती, नामवंतांनी चारचौघांत शिव्या द्याव्यात का. एक बाई म्हणत होत्या, भाषा रसातळाला चालली. एक लेखक म्हणत होता, कलावंत पण माणूसच असतो, शिवीने मन मोकळं होतं. धोंडूचं नाव कोणीच घेतलं नाही. शेवटी हर्षदला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आमच्याकडे प्रेमात बोलतात असं. ते काका बघा ना, स्वतःच किती मनापासून हसतायत." आणि पडद्यावर धोंडूचा हसरा चेहरा मोठा करून दाखवला.

म्हातारी मागे उभ्या असलेल्या लेकाकडे वळली.

"तू हसलंस कित्याक रे?"

धोंडूने पुढे होऊन टीव्ही बंद केला. त्या दिवसापासून म्हातारी पानावर बसायची आणि दोन घास चिवडून उठायची.

शेवटी धोंडू रजा टाकून अंधेरीला हर्षदच्या ऑफिसात गेला. त्याला एकच हवं होतं. हर्षदने आईला एक फोन करावा, चुकलं म्हणावं, बस. तिथलं सगळं काम बघणारी स्वरदा चांगली बोलली. सर तयारच होतील, म्हणाली, फक्त एक छोटंसं रील करू. सर तुमच्या खांद्यावर हात टाकतील, तो डायलॉग पुन्हा म्हणतील, तुम्ही हसा, आणि मग सर सॉरी म्हणतील.

"आणि आयेक फोन?"

"करतील ना, काका. आधी हे होऊ दे."

धोंडू कबूल झाला. आणखी एकदा ऐकून घेतलं तर आई जेवेल, असा त्याने हिशेब केला. दिवे लागले. हर्षदने हात टाकला, शिवी म्हटली, आणि धोंडूने हसायला तोंड उघडलं. पण हसू येईना. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. गाल ओढले जात होते, ओठ थरथरत होते, आणि कॅमेऱ्यात ते रडल्यासारखं दिसत होतं.

"काय काका," हर्षद म्हणाला, "त्या दिवशी तर झकास हसला होतात."

"तेच चुकला माझा, साहेब," धोंडू म्हणाला. "तुम्ही माका आणखी घाला शिव्या, माझा काय नाय. पण म्हातारी जेवत नाय. तिका एकदा फोन लावा."

हर्षदने स्वरदाकडे पाहिलं, खांद्यावरचा हात काढला आणि फोनवर बोलत आतल्या खोलीत गेला. धोंडू बराच वेळ त्या दिव्यांखाली उभा राहिला. मग कोणीतरी दिवे बंद केले आणि स्वरदाने त्याला लिफ्टपर्यंत सोडलं.

पुढे गेटवर गर्दी होते म्हणून कंपनीने त्याला भांडुपच्या एका गोदामावर टाकलं. म्हातारी हळूहळू जेवायला लागली, पण लेकाशी सरळ बोलेना. काही हवं असलं की शकुला सांगायची. मुलगी प्रांजलने व्हिडिओ काढून टाकावा म्हणून तक्रार केली होती. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं की व्हिडिओत नियमांविरुद्ध काही आढळलं नाही.

धोंडूने तिला ते दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "शिवी रवांदे. निदान माझो चेहरो तरी काढतत काय, विचार."

तसं काही होत नसतं, हे प्रांजलला ठाऊक होतं. तरी ती 'विचारते' म्हणाली आणि फोन घेऊन बाहेर गॅलरीत गेली.