आदरार्थी बहुवचन

शनिवार पेठेतल्या एका शाळेत मी तीसेक वर्षं मराठी शिकवलं. व्याकरणातला आदरार्थी बहुवचन हा माझा खास लाडका भाग. माणूस एकच, पण मान द्यायचा म्हणून क्रियापद अनेकवचनी, हे मी पाचवीच्या मुलांना घोटून घोटून शिकवायचे. ‘मुख्याध्यापक आले’ आणि ‘शिपाई आला’ असं कुणी लिहिलं की लाल शाईने खाडाखोड करायचे आणि दोघंही ‘आले’ असं लिहायला लावायचे. घरीही तोच नियम. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींना मी कधी अगं-तुगं केलं नाही. इमारतीतल्या बाकीच्या बायका करायच्या, आणि मी त्यांना मनातल्या मनात नापास करायचे.

आम्ही तेव्हा नुकतेच वारज्याला राहायला गेलो होतो. मावशी कालव्यापलीकडच्या वस्तीतून सकाळी सातला यायच्या. आमच्यानंतर त्यांची आणखी चार घरं असायची. वयाने त्या माझ्याहून लहानच होत्या, मावशी म्हणायची फक्त रीत. मी शिक्षिका म्हणून त्या मला बाई म्हणायच्या. काम उरकलं की मागच्या बाल्कनीत बसून मिश्री लावायच्या. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड बोटाने हिरड्यांवर घासली की त्यांना तरतरी यायची आणि पुढच्या घरापर्यंत भूक लागायची नाही. मिश्री संपली की डोकं दुखायचं आणि दुसऱ्या दिवशी हमखास खाडा. भांडी घासून शाळेत जायचं माझ्या अगदी जिवावर यायचं. म्हणून येताना पेठेतल्या दुकानातून मिश्रीची पुडी मीच आणून ठेवायचे. यजमान एकदा म्हणाले, तू त्यांना विष आणून देतेस. मी म्हटलं, तुमच्या सिगारेटी कोण आणतं? विषय तिथेच संपला. वाद जिंकायची मला फार जुनी खोड आहे.

एका वर्षी संक्रांतीच्या सुमारास मला तोंड आलं. डाव्या गालाच्या आत पांढरट चट्टा. जाईचा पाला चावून झाला, तूप लावून झालं, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या झाल्या. पंधरा दिवसांनीही तो जाईना, तेव्हा दातांच्या डॉक्टरांकडे गेले. ते माझ्या माहेरचे शेजारी. त्यांनी माझ्यासमोरच फोन फिरवला आणि त्यांच्या ओळखीच्या कॅन्सरच्या डॉक्टरांची दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. तिथे तुकडा काढला, तपासायला पाठवला, चौथ्या दिवशी रिपोर्ट हातात. दाढेचं टोक गालाला घासत होतं, बाकी काही नाही. मधले ते दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. देवासमोर बसून लहान मुलीसारखी रडले होते.

रिपोर्ट आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशींना पेढा दिला आणि सगळी हकिगत सांगितली. सुटकेच्या आनंदात मी फार बोलते. तोंड आलेलं पंधरा दिवसांत बरं झालं नाही तर दाखवायलाच हवं, हे डॉक्टरांचं वाक्य मी त्यांना वर्गात सांगावं तसं दोनदा सांगितलं. त्यांनी पेढा खाल्ला नाही, पदराच्या टोकाला बांधला.

“बाई, माझं बी दिवाळीपासनं आलंय,” त्या म्हणाल्या. “जातच न्हाई. तिखट लागलं की लई आग होती.”

मी म्हणाले, “अहो मावशी, तुमचं वेगळं असतं.”

आणि माझ्या उरलेल्या गोळ्यांची पट्टी त्यांच्या हातात ठेवली.

या ‘तुमचं’वर मी नंतर इतका विचार केला आहे, जितका आयुष्यभर व्याकरणावर केला नसेल. मराठीत एका माणसाला मान देताना ‘तुमचं’ म्हणतात आणि माणसांचा एक गठ्ठा बाजूला काढतानाही ‘तुमचं’च म्हणतात. ऐकणाऱ्याला फरक कळेलच असं नाही, पण बोलणाऱ्याला पक्का ठाऊक असतो. मला म्हणायचं होतं, तुम्हा लोकांचं. तुम्ही लोक मिश्री लावता, तुमची तोंडं भाजतात, तुमची शरीरं काटक असतात, तुमचं आपोआप बरं होतं. माझे पंधरा दिवस मला डोंगराएवढे वाटले होते आणि त्यांचे अडीच-तीन महिने मी ऐकून न ऐकल्यासारखे केले. मला आजही त्याची लाज वाटते, आणि ती कमी होत नाही.

मार्चमध्ये त्यांनी एका दिवसाची सुट्टी मागितली. सरकारी दवाखान्यात पहाटेच जाऊन रांग धरावी लागते, नाहीतर नंबर लागत नाही, असं त्या म्हणाल्या. माझ्याकडे वार्षिक परीक्षेच्या पेपरांचा ढीग पडला होता. मी म्हटलं, तेवढे संपू देत, मग खुशाल जा. दुसऱ्या घरी लग्न होतं, तिसऱ्या घरी बाळंतीण होती, आणखी दोन घरी काय होतं ते मी विचारलं नाही. आम्ही पाच घरांनी मिळून त्यांना एक सकाळ दिली नाही.

एप्रिलात मी त्यांच्यासाठी ठेवलेली भाजी-पोळी तशीच राहू लागली. त्या चहात पाव बुडवून तेवढाच चोखायच्या. एकदा वांग्याची भाजी झाकलेली तशीच पाहून मी म्हणाले, “का हो, आमच्या हातचं घशाखाली उतरत नाही वाटतं?” टोमणा मला छान जमला असं वाटलं होतं. आपण पुण्याचे आहोत हे सिद्ध करायची आम्हाला सकाळ-संध्याकाळ हौस. मावशी हसल्या, पण तोंड न उघडता. तोंड उघडतच नव्हतं, हे मला कळायला आणखी आठवडा लागला. त्या वाकून फरशी पुसत होत्या आणि मला त्यांच्या जबड्याखाली गाठ दिसली. मी हात धरून त्यांना उठवलं आणि तसंच रिक्षात घातलं.

मावशी पुढची दिवाळी पाहू शकल्या नाहीत, हे आधीच सांगून टाकते. त्या काळात मी धावपळ पुष्कळ केली, सगळे म्हणायचे बाईंनी फार केलं. ते लोकांना दिसलं. त्या दिवशी तपासणीच्या खोलीत जे झालं ते मात्र तिथे असलेल्या तिघांपुरतंच राहिलं, आणि त्यातल्याही एकाला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता.

मी त्यांना माझा तुकडा काढणाऱ्या त्याच डॉक्टरांकडे नेलं होतं. ओळख असल्यामुळे ताबडतोब आत घेतलं. डॉक्टरांनी बॅटरी धरली, पण मावशींच्या दातांमध्ये एक बोटसुद्धा धड जाईना. त्यांनी बॅटरी विझवली, हात धुतले आणि मला जरा बाजूला घेतलं.

“आजार तोच असतो, बाई,” ते हळू आवाजात म्हणाले. “तुमच्या-आमच्या घरातलं माणूस माझ्याकडे मुगाएवढं घेऊन येतं. यांच्यातलं येतं तेव्हा लिंबाएवढं झालेलं असतं. मुगाएवढं असताना मी बरं करू शकतो हो.”

मग ते मावशींपाशी जाऊन बसले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण थकवा होता. त्यांनी विचारलं, इतके महिने अंगावर काढलंत, कुणाला सांगितलं का नाहीत? बाईंना तरी सांगायचं. त्यांना तर मी जानेवारीतच सगळं समजावून दिलं होतं, त्यांनी एका दिवसात आणलं असतं तुम्हाला.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. पेढा, गोळ्यांची पट्टी, सगळं त्यांना आठवत असणार. मला वाटलं, आता त्या सांगतील. सांगावं असंही वाटलं, आणि सांगू नये असंही.

“बाईंस्नी काय म्हाईत असनार,” त्या अर्धवट उघडलेल्या तोंडाने, एकेक शब्द सोडवत म्हणाल्या. “मीच कुनाला बोलले न्हाई.”

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बरं झालं तुम्ही घेऊन आलात. घरकामाच्या बाईसाठी एवढं कोण करतं हल्ली?”

मावशी अजून माझ्याकडेच बघत होत्या. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणाले, “अहो, त्यात काय एवढं.”