मामाजींच्या घडीतला चोर

हसायचं असेल तर आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल! सासरवाडीत माणसाची फजिती होतेच हो, पण माझ्यासारखी स्वतःच्या हातानं कोणी ओढवून घेतली नसेल.

झालं काय, मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून मी जुन्या क्रोनोग्राफचा पंडित झालो होतो. क्रोनोग्राफ म्हणजे मनगटी घडीच, म्हणजे घड्याळच हो, फक्त शर्यतीची वेळ मोजायला एक जादा काटा अन् बाजूला दोन बटनं. कोणता पार्ट असली, कोणता दुसऱ्या घडीतून आणून बसवलेला, हे मी दुरून ओळखायचो. असं मला वाटायचं!

दिवाळीत सासरी, नवेगाव बांध या गावी गेलो. मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, हातात त्यांची जुनी क्रोनोग्राफ. माझ्या हातात त्यांनीच लग्नात दिलेली, अगदी तशीच. मग काय, सुटलो मी!

"मामाजी, तुमच्या घडीत गडबड आहे. माझा काटा पाहा निळा, तुमचा लाल! एक बटन गोल, एक चपटं. डायल तर भलतीकडचीच!"

"असन, जवाईबापू."

आता आमच्याकडे जावयाला कोणी 'नाही' म्हणत नाही. जावई भरदुपारी म्हणाला रात्र झाली, तर घरात दिवा लागतो! त्यामुळे मी आणखीच फुगलो.

"असन काय? चोरानं असली माल काढून घेतला तुमचा! दुरुस्तीला कोणाकडे दिली होती?"

"गोंदियाच्या बाजारात, एका घडीवाल्याकडे. जाऊ द्या ना."

"काऊन जाऊ द्या? आत्ता जातो अन् त्याची कॉलर धरतो!"

मी एका पायात चप्पल घातलीसुद्धा. मामाजींना घाम फुटला.

"अहो, भला माणूस आहे तो. कायले बदनाम करता?"

तेवढ्यात सासूबाई झारा घेऊनच बाहेर आल्या अन् मामाजींवर कडाडल्या, "सांगा ना त्यायले! ते त्या गरिबाले माराले निघून राहिले!"

मग माझ्याकडे वळल्या. "दोन घड्या होत्या घरी. एक ह्यायची, एक ह्यायच्या भावाची. दोन्ही अर्ध्या बिघडल्या होत्या. लग्नात जवायाले मोडकी वस्तू कशी द्याची? म्हणून दोन्हीतलं चांगलं चांगलं तुमच्या घडीत घातलं. उरल्यासुरल्याले बाजारातले जुने पार्ट लावून हे घालून फिरून राहिले."

मी तसाच, एका चपलेवर, खाली बसलो. घडी काढून मामाजींपुढे धरली. त्यांनी ती परत माझ्याच मनगटावर बांधली.

"ठेवा हो. मले का शर्यत पळाची आहे?"

खरं सांगतो, डोळे भरून आले. इतकं कोण करतं हो परक्याच्या पोरासाठी? आजही घडी बांधताना मी मनातल्या मनात त्यांना हात जोडतो.

पण त्या दिवशी मामाजींनी मला रडू दिलं नाही. घरात तोंड करून ओरडले, "अवो, ताट वाढ! चोर सापडला!"

अन् काय सांगू, चोर पोटभर जेवला.