कानसेनाच्या डोक्यातला पंप

गाणाऱ्याला तानसेन म्हणतात, ऐकणाऱ्याला कानसेन. आमच्या पंपघरातला कानसेन गाणी ऐकत नसे, बेअरिंग ऐकायचा. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू पंपाच्या बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग 'ग्रीस द्या' किंवा 'हे जाणार' एवढंच बोलायचा. मी तिथे फिटर होतो. त्याच्या शब्दावर आम्ही पंप उघडायचो.

एका सकाळी तो म्हणाला, मोठ्या पंपात सूं सूं येतंय. मला काही ऐकू आलं नाही, पण त्याचा कान तो कान. पंप बंद केला. अर्ध्या गावाचे नळ कोरडे पडले. चेनपुलीने वरचं झाकण उचललं, बेअरिंगं काढून धुतली. एकावरही ओरखडा नव्हता. दिवसभर राबून सगळं परत जोडलं आणि पंप चालू केला.

"अजून येतंय," तो म्हणाला.

मी बटण दाबून पंप थांबवला. पंपघर शांत झालं. तो होता तिथेच उभा राहिला.

"अजून येतंय," तो म्हणाला, या वेळी अगदी हळू.

साहेब चौकशीला आले. बेअरिंग खराब होतं म्हणाला असता तर कोणी उकरून काढलं नसतं. हा म्हणाला, "पंप चांगला होता साहेब. बिघाड माझ्यात आहे." आपली चूक लपवायला मोडलेलं ड्रिलचं पातं खिशात घालून घरी नेणारी माणसं मी पाहिली आहेत. हे वाक्य बोलायला काय लागतं ते मला ठाऊक आहे.

घरी त्याच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, त्याच्या कानामागे आपला कान लावला. त्यांनाही ऐकू आलं, नाडीच्या ठोक्यागणिक. आधी त्या हसल्या. मग त्यांनी चप्पल घातली आणि त्याला दवाखान्यात नेलं. मीही गेलो.

मेंदूच्या डॉक्टरांनी त्याच जागी नळी लावून ऐकलं आणि फोटो काढले. म्हणाले, मेंदूच्या आवरणातली एक धमनी थेट शिरेला जोडली गेली आहे. मधल्या बारीक वाहिन्या रक्ताचा जोर कमी करतात, त्याच वगळल्या गेल्या आहेत.

"म्हणजे दाबाची लाइन परतीच्या लाइनला जोडली गेली," कानसेन म्हणाला.

डॉक्टर म्हणाले, तसंच. आणि परतीची लाइन तेवढ्या दाबाची नसते, म्हणून कधीतरी फुटू शकते. मग मेंदूत रक्तस्राव. उपाय होता आणि त्यासाठी कवटी उघडायची गरज नव्हती. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर डोक्यापर्यंत न्यायची आणि पडद्यावर बघत त्या चुकीच्या जोडात गोंदासारखं औषध भरायचं. पण ते धमनीच्या शेजारच्या फाट्यात सरकलं तर चेहरा वाकडा होईल, कानालाही धोका.

"कान राहील ना?"

"बहुतेक राहील. खात्री देत नाही."

बाहेर आल्यावर तो म्हणाला, माणूस बरा वाटतो. उघडण्याआधी खात्री देणाऱ्या फिटरवर त्याचा कधीच विश्वास नव्हता. तरी पायऱ्यांवर तो थांबला. "कान गेला तर माझं काय उरलं?"

"मी उरते," वहिनी म्हणाल्या. "आणि मला ओरडता येतं."

उपचाराच्या दिवशी वहिनी आणि मी बाहेर बाकावर बसलो. दार उघडून डॉक्टर आले तेव्हा त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. एवढ्याशा नळीचं काम, पण अंगमेहनतीचा घाम मला ओळखता येतो. थोडं औषध सोडायचं, थांबायचं, कुठे गेलं ते बघायचं, मग पुन्हा थोडं. घाई केली की संपलं, असं ते म्हणाले. जोड बंद झाला होता.

कानसेन पाय सरळ ठेवून पडला होता. डोळे मिटलेले. वहिनींनी त्या कानाशी वाकून हळूच विचारलं, "अहो, ऐकू येतंय का?" त्यांनी पुन्हा विचारलं. तेवढ्यात त्याने बोट वर केलं.

"सूं थांबलंय. जरा ऐकू दे."

"एरवी तरी माझं कुठे ऐकता," असं म्हणून वहिनी खिडकीकडे वळल्या आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

सुट्टी संपवून तो कामावर आला त्या दिवशी आम्ही सगळे उगाच हातात पाने-हातोडे घेऊन इकडे तिकडे करत होतो. त्याने एकेक पंप ऐकला. धाकट्या पंपाशी थांबला. आम्हाला वाटलं, आता सांगेल. त्याने मलाच पुढे ओढलं आणि म्हणाला, तू ऐक. मी ऐकलं. बारीक खरखर होती.

"ऐकू येते ना? मग उघडूया."

एकट्याच्या कानावर पंप उघडायचा नाही, हा नियम त्याने स्वतःच स्वतःला घालून घेतला. कोणी मागितला नव्हता. त्याचा कान पहिल्यासारखाच तयार होता, तरी निवृत्त होईपर्यंत त्याने तो पाळला. आता तिथली पोरं कुरकुरतात, एका कामाला दोन माणसं कशाला म्हणून. कुरकुरू देत. पण दोघं ऐकतात.