गिअरबॉक्समधला एक दात

वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी पुण्याहून राजूरला परत आले. घरून करता येईल असं काम एकच मिळालं: हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सची कंपनं तपासायचं. प्रत्येक उड्डाणानंतर त्यांचे आकडे माझ्या लॅपटॉपवर येत. मी स्वतः हेलिकॉप्टरमध्ये कधीच बसले नव्हते. मागच्या पत्र्याच्या खोलीत, वडिलांच्या खाटेशेजारी मी दिवसभर आलेख बघायची. दाराबाहेर आठवडा-आठवडा जाणं होत नसे. उठायची ती फक्त आईनं स्वयंपाकघरात ताट वाढलं की.

एका चतुर्थीला गणपतीच्या दर्शनाच्या गर्दीनं गल्ली तुंबली होती. त्या दुपारी पेशंट नेणाऱ्या एका हेलिकॉप्टरचा आलेख वेगळा दिसला. गिअरचे दात एकमेकांत बसतात त्याचा एक उंच सुळका नेहमीच असतो. आज त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर बारीक सुळके उगवले होते. म्हणजे दर फेरीला एखादा दात नीट बसत नव्हता.

मी कंपनीतल्या साहेबांना फोन केला.

"मर्यादेच्या आत आहे ना? मग सेन्सर ढिला असेल. उगाच मशीन अडकवू नका."

उड्डाण थांबवायची शिफारस माझ्या सहीनं जायची. ती चुकली तर नोकरी जाणार, आणि वडिलांना सोडून दुसरीकडे जाणं शक्य नव्हतं. पाठवली नाही तर सकाळी त्या हेलिकॉप्टरमध्ये कुणीतरी पेशंट बसणार. मी तोच आलेख पुन्हा पुन्हा उघडत राहिले.

"कवाची गप बसून राह्यली," वडील जड जिभेनं म्हणाले. आजारपणाआधी त्यांचं मोटार दुरुस्तीचं दुकान होतं. मी सगळं सांगितलं.

"सेन्सर एकच हाय का?"

"न्हाई, दोन."

"मंग दुसऱ्याचं बघ. दोन्ही कशाला ढिले राहतील?"

दुसऱ्या सेन्सरचे आकडे काढले. तेच सुळके, तितक्याच अंतरावर, फक्त जरा बुटके. मी शिफारस पाठवली. साहेबांनी त्यानंतर माझे फोन उचलले नाहीत. तीन दिवस ते हेलिकॉप्टर जमिनीवरच उभं होतं.

चौथ्या दिवशी साहेबांनी फोटो पाठवला. गिअरबॉक्स उघडला होता. एका दाताच्या मुळाशी केसासारखी चीर होती. मी फोन वडिलांसमोर धरला. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि धड असलेला हात माझ्या मनगटावर ठेवला.

संध्याकाळी साहेबांचाच फोन आला. "बरोबर होतं तुमचं. आता या जातीची सगळी मशिनं तुम्हीच बघा."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? दुसऱ्या दिवसापासून आई माझं ताटही त्याच खोलीत आणून ठेवू लागली.