जी. व्ही. दाणी यांची गाडी

देवीकडे काही मागणं मी सोडून दिलं होतं. विरारच्या डोंगरावर जीवदानीच्या पायऱ्या लहानपणापासून चढत आले, लग्न होऊन वसईला आल्यावरही एक नवरात्र चुकवलं नाही. पण केतकीचं, माझ्या एकुलत्या एका लेकीचं, दुसऱ्यांदा पोटातच बाळ गेलं तेव्हा मी देव्हाऱ्यातल्या तसबिरीसमोर उभी राहून विचारलं, जीवदानी म्हणवतेस, तुझं नाव तरी खरं आहे का? त्यानंतर दिवा लावत होते, हात जोडत होते, पण मनात तिच्याबद्दल संशय धरून. हे लिहिताना आज लाज वाटते. तरी अनुभव सांगायचा तर इथूनच सांगायला हवा.

संशय हा माझा जुना पेशाच. शिधावाटप कार्यालयात मी एकतीस वर्षं अर्ज तपासले. समोरचा माणूस रडत असला तरी मी आधी त्याचे कागद बघायची. त्यातही न आणि ण यांवर माझा फार कटाक्ष. आमच्याकडच्या कोळीवाड्यांतले लोक बोलतात तसंच लिहितात, पाण्याला पानी आणि कोणाला कोन. असे अर्ज मी लाल शाईची रेघ मारून परत पाठवत असे. "अगं, कळतंय ना काय लिहिलंय ते?" असं हे घरी म्हणायचे. मी म्हणायची, कळून काय उपयोग, बरोबर नको का? निवृत्त झाल्यावर लाल शाई गेली, नजर मात्र तीच राहिली. भाजीवाला, मीटर बघायला येणारा, फोनवरून गोड बोलणारी मुलगी, सगळे माझ्या लेखी अर्जदारच.

यंदा केतकीला पुन्हा दिवस गेले आणि आठवा महिना सरेपर्यंत सगळं सुरळीत चाललं. ती बंगळूरला एकटी. जावई मालवाहू जहाजावर नोकरीला, बाळंतपणानंतरच परतणार होता. महिनाभर आधी आम्ही दोघांनी तिच्याकडे राहायला जायचं ठरलं. यांना नुकतीच सत्तरी लागली होती. यांचा जन्म आमच्या केळीच्या वाडीत आणि संध्याकाळी समुद्रावर जाऊन लांबच्या बोटी बघण्यात गेला. म्हणून लेकीने मुंबईहून निघून, दोन रात्री समुद्रात फिरवून परत मुंबईलाच आणणाऱ्या मोठ्या पर्यटक जहाजाची तिकिटं काढली. जहाज रविवारी सकाळी लागणार आणि त्याच दुपारी पावणेएकला बंगळूरचं विमान. विमानाचं तिकीटही तिनेच काढून माझ्या फोनवर पाठवलं होतं. प्रश्न उरला तो बंदरावरून विमानतळावर नेणाऱ्या गाडीचा.

यांनी बस्त्यावचं नाव काढलं. बस्त्याव पाचूबंदरचा, वसईच्या किल्ल्याला लागून घर. गुडघे गेले तशी मासेमारी सोडली आणि आता स्वतःची गाडी भाड्याने चालवतो. आमच्या दोन मोठ्या बॅगा जहाजावर न्यायला नकोत म्हणून त्याने त्या रविवारी सकाळी माझ्या जाऊबाईंकडून उचलून आणायच्या असं ठरलं. बॅगांत डिंकाचे लाडू, अळीव, माझ्या जुन्या लुगड्यांची दुपटी, कुंची, असा सगळा बाळंतविडा होता. परका माणूस, त्याच्या ताब्यात आमच्या बॅगा आणि घराला कुलूप! माझं डोकं फिरायला लागलं. याला जहाजाचं आणि विमानाचं सगळं कळलं, तर घर किती दिवस बंद राहणार हेही कळेल. म्हणून मी यांना बजावलं, तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही, काय सांगायचं ते मी सांगेन. मग बस्त्यावला फोन करून म्हटलं, "रविवारी सकाळी आठला बंदरावर या. आमची बोट लागेल. तिथून विमानतळावर सोडायचं."

"कुठं फिरायला चालले, बाय?" त्याने विचारलं.

"ते तुम्हाला काय करायचंय?"

"नाय, सहज. येतो ना बंदरावर."

जहाजावरचे दोन दिवस बरे गेले. हे कठड्यापाशी खुर्ची ओढून बसले ते जेवायलाच उठायचे. समुद्रात फोनला रेंज नव्हती. रविवारी सकाळी मुंबई दिसू लागली आणि फोन एकदम खणखणायला लागला. केतकीच्या शेजारणीचे निरोप होते. रात्री केतकीचा रक्तदाब फार वाढला, तिला दवाखान्यात ठेवलंय, औषधाने दाब खाली आणून संध्याकाळी पाचला ऑपरेशन करणार आहेत. मी लगेच फोन लावला. केतकी म्हणाली, "आई, आत नेतील त्याआधी तू ये. मागच्या दोन्ही वेळेला मी शुद्धीवर आले तेव्हा माझं कुणीच नव्हतं गं." ते खरं होतं. दोन्ही वेळेला मी दुसऱ्या दिवशी पोचले होते. दुपारचं विमान चुकलं तर जागा असलेलं पुढचं विमान संध्याकाळीच होतं, म्हणजे तिसऱ्यांदाही तेच होणार होतं. बऱ्याच काळाने मी डोळे मिटले आणि देवीला म्हटलं, मला फक्त वेळेवर पोचव. म्हणतानाही मनात होतं की ही काही करायची नाही.

सामान घेऊन, तपासणी उरकून बाहेर पडायला साडेनऊ झाले. फाटकापाशी गाड्यांची दाटी होती, पण बस्त्यावची गाडी कुठेच दिसेना. गेला बॅगा घेऊन, असंच माझ्या मनात आलं. फोन लावला तर तोच वैतागलेला. "बाय, मी सात वाजल्यापासून बंदरावर उभा हाय. मच्छीचा लिलाव पन आटपत आला. तुमची बोट काय दिसत नाय."

"मच्छीचा लिलाव? तुम्ही कुठल्या बंदरावर आहात?"

"कुठल्या म्हंजे? आपल्या! पाचूबंदरला!"

वसईत कुणी नुसतं बंदर म्हटलं की ते पाचूबंदरच, हे मला काय ठाऊक नव्हतं? मुंबई हा एक शब्द मी बोलले असते तर भागत होतं, पण तोच मी शहाणपणाने गिळला होता. त्याला वाटलं आम्ही कुणा ओळखीच्याच्या होडीतून येतोय. आता वसईहून तो निघाला तरी यायला अडीच तास. फोनवरून गाडी मागवून बघितली तर पडद्यावरचं चाक नुसतं फिरत राहिलं. टॅक्सीची रांग आमच्याच जहाजातून उतरलेल्या माणसांनी फुगली होती.

तेवढ्यात पांढऱ्या सदऱ्यातला एक पोक्त माणूस जवळ आला. हातात छापील पाटी, तिच्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत नाव. "दाणीसाहेब का?" त्याने यांना विचारलं. आम्ही नाही म्हटलं. तो गेला आणि पाच मिनिटांनी परत आला. "माझं गिऱ्हाईक जहाजावर चढलंच नव्हतं असं ऑफिसवाले आता सांगतात. गाडी रिकामीच आहे. तुम्हाला एअरपोर्टला जायचंय ना? चला, सोडतो. टेन्शन नका घेऊ, मॅडम."

टेन्शन घेऊ नका म्हणणाऱ्या माणसाचंच मला सगळ्यात आधी टेन्शन येतं. आम्ही विमानतळावर जाणार हे याला कसं कळलं? मी फोनवर ओरडत होते ते अर्ध्या मुंबईने ऐकलं असणार, हे त्या वेळी सुचलं नाही. मी त्याचा परवाना मागितला, त्याने दिला. परवान्याचा फोटो काढला, गाडीच्या नंबराचा काढला, त्याचा स्वतःचाही काढला, फोन नंबर लिहून घेतला. तो निमूट उभा राहिला. इतका निमूट का राहतो, याचाही मला संशय आला.

बस्त्याव अजून फोनवरच होता. "काय झालं, बाय? कोन हाय?"

"एक गाडीवाला आहे. त्याचं गिऱ्हाईक आलं नाही म्हणतो. पाटी घेऊन उभा आहे, जी. व्ही. दाणी म्हणून."

बस्त्याव म्हणाला, "जीवदानी? जीवदानीची गाडी आली आनि तुम्ही अजून उभे हाव? बसा ना, बाय!"

"जीवदानी नाही हो, दाणी. ण. बाणातला ण," मी म्हटलं. सवयच ती. आणि म्हणता म्हणता माझ्या अंगावर काटा आला. जी, व्ही, दाणी. पाटी माझ्या डोळ्यांसमोर होती, अक्षरं मी स्वतः वाचली होती, आणि मला त्यात देवी दिसली नव्हती. फोनच्या पलीकडे, मासळीच्या गलक्यात उभ्या असलेल्या माणसाला ती ऐकू आली. "आमची बोट खोल पान्यातून परत येते ना, तवा पयला तिचाच डोंगर दिसतो," तो म्हणत होता. "बॅगांची काळजी नको. तुम्ही जा." यांनी एव्हाना गाडीचं दार उघडलं होतं.

मी बसले, पण संशय उतरला नाही, तो माझ्या शेजारीच बसला. गाडी उंच रस्त्यावर चढली तसा ड्रायव्हर म्हणाला, "कुठलं एअरपोर्ट?"

"विमानतळ म्हणजे विमानतळ. सांताक्रूझचं."

"आता मुंबईला एअरपोर्ट दोन झालेत, मॅडम. तिकीट एकदा बघू द्या."

तिकीट कशाला हवं याला? त्यावर आमची नावं, केतकीचा पत्ता. लांबच्या रस्त्याने नेऊन भाडं वाढवायचा डाव असणार. मी म्हटलं, "तुम्ही सरळ चला." तो थोडं पुढे गेला आणि शिवडीच्या अलीकडे त्याने गाडी कडेला घेऊन थांबवली. तो मागे वळून म्हणाला, "सरळ गेलो तर चेंबूरवरून सांताक्रूझ. इथून वळलो तर समुद्रावरच्या पुलावरून नवी मुंबई. एकदा गेलं की परत फिरता येणार नाही. रागावू नका, पण मला ठिकाण तरी सांगा."

ठिकाण. हाच शब्द. बस्त्यावला फोन केला तेव्हापासून मी तेच लपवत आले होते. फोन माझ्या मुठीत घट्ट होता. मी यांच्याकडे बघितलं. हे हळूच म्हणाले, "दे गं." त्या वेळी मनातल्या मनात मी काय म्हटलं ते आठवतंय. म्हटलं, आई, पाटी तुझी असेल तर तुझी, नसेल तर नसेल, मला आता कळत नाही. आणि फोन त्या माणसाच्या हातात दिला.

त्याने तिकीट उघडून चष्म्याजवळ नेलं. "हे तर नवी मुंबईचं आहे," तो म्हणाला, आणि फोन परत देऊन त्याने गाडी पुलाकडे वळवली.

दोन्ही बाजूंना पाणी होतं आणि मी तोंडाला पदर लावून रडत होते. तिकिटावरची नावं आणि वेळ मी दहादा तपासली होती, विमानतळ मात्र सांताक्रूझचंच असं धरून वाचलंच नव्हतं. बस्त्यावला मी ठिकाण नीट सांगितलं असतं, तो वेळेवर मुंबईला आला असता, तर आम्ही थेट सांताक्रूझला गेलो असतो. तिकीट मी त्यालाही दाखवलं नसतं. तिथे पोचल्यावर चूक कळली असती आणि विमान गेलं असतं. माझी पहिली चूक दुसरीच्या आड आली म्हणून आम्ही वाचलो. हे कुणी जुळवलं, की आपोआप जुळलं, यावर मी वाद घालणार नाही. मी फक्त घडलं तसं सांगते आहे. काउंटर बंद व्हायच्या थोडं आधी आम्ही विमानतळावर पोचलो. ड्रायव्हरने आमचं सामान उतरवलं, वाजवी तेवढेच पैसे घेतले आणि पाटी मागच्या सीटवर टाकून तो निघून गेला.

दवाखान्यात शिरलो तेव्हा केतकीला हिरवा झगा घातलेला होता. माझा हात तिने जो धरला तो दारापर्यंत सोडला नाही, आणि शुद्धीवर आली तेव्हा तो परत तिच्या हातात होता. या वेळी शेजारच्या पाळण्यात मुलगीही होती. लहानशी, लालबुंद आणि भयंकर रडकी. तिचं ते रडणं ऐकत मी तिथेच खाली बसले. बाई गं, तुझं नाव खरं आहे, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

आठवड्याने मी त्या ड्रायव्हरला आभारांचा फोन केला आणि राहवेना म्हणून विचारलं की हे दाणी कोण, कुठले. "काय माहीत, मॅडम. ऑफिसने पाटी छापून दिली, मी घेऊन उभा राहिलो," तो म्हणाला. पूर्वीची मी असते तर ऑफिसचा नंबर घेऊन त्या गृहस्थाचा छडा लावला असता. या वेळी नाही लावला. एकतीस वर्षांत न तपासता मंजूर केलेलं हे एकच नाव असेल.

चार महिन्यांनी बाळाला घेऊन वसईला यायचं ठरलं, तेव्हा बस्त्यावला मी आधी तिकिटाचा फोटो पाठवला. विमानतळ, तारीख, वेळ, सगळं. आमच्या बॅगा त्याने त्या रविवारी आपल्या घरी, मारियेच्या आल्तारासमोर, म्हणजे त्यांच्या देव्हाऱ्यासमोर ठेवल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी बंगळूरला रवाना केल्या होत्या. बाळाच्या अंगावर त्यांतलंच दुपटं होतं. गाडीत मी त्याची माफी मागितली तर तो हसला. "बाय, तुम्ही मला वळखलंच नाय. खूप वर्सांमागं तुम्ही माझा फारम परत केला होता. ठिकानात न लिवला म्हनून."

त्याने ठिकाण दिलं होतं, अक्षर चुकलं होतं. माझं अक्षर कधी चुकलं नाही, आणि ठिकाण मात्र मी कधी कुणाला दिलं नाही. देवीलाही नाही. तिच्याकडे मागताना देखील हात अर्धा मागे ठेवूनच मागत आले. शरण जाणं म्हणतात ते फार मोठं असेल असं वाटायचं. मला ते तिकीट दाखवण्याएवढंच जमलं, पण तेवढं पुरलं.

बोलता बोलता जीवदानीचा डोंगर दिसायला लागला. बस्त्यावने आरशातून बाळाकडे बघितलं. "नाव काय ठेवलं?"

"अपर्णा," मी म्हटलं.

"अपर्ना," तो म्हणाला. "चांगला हाय."

"हो," मी म्हटलं. "अपर्नाच."