माय म्हणजे माझं

इंग्रजी शिकवणाऱ्या बाईच्या पदराला खडूची पूड अन् किस्से दोन्ही चिकटतात. झटकले तरी जात नाहीत. सेनगावकडच्या एका गावात बरीच वर्षं शिकवतेय. नुसत्या 'माय' या एका शब्दाचेच इतके किस्से साचलेत! सांगितले की लोक हसतात. मला मात्र अजून संताप येतो.

*

पहिल्या वर्षी पाचवीला 'माय नेम इज' शिकवलं. दुसऱ्या दिवशी सखू ताठ उभी राहून म्हणाली, "माय नेम इज पार्वताबाई!"

"अगं, तुझं नाव सखू ना?"

"व्हय म्याडम. पण तुमीच म्हणल्या ना माय नेम. मायचंच नाव सांगितलं की!"

तेवढ्यात तांड्यावरचा संतोष उठला. त्याच्या बोलीत आईला याडी म्हणतात. "म्याडम, मग आमी याडी नेम म्हणायचं का?"

त्या दिवशी मीही हसले. शपथ!

*

पुढच्याच आठवड्यात तपासणीला साहेब आले. त्यांनी नेमकं सखूलाच नाव विचारलं, इंग्रजीतून. लेकरू घाबरलं अन् पुन्हा 'पार्वताबाई' म्हणालं. साहेब पोट धरून हसले.

मी म्हणलं, "साहेब, एकदा मराठीतून विचारा की."

"इंग्रजीच्या तपासणीत मराठी कशाला, मॅडम?"

अन् वहीत शेरा लिहिला, 'विद्यार्थ्यांना स्वतःचे नावही सांगता येत नाही.' चांगला शुद्ध मराठीत!

सखूनं त्यानंतर दिवाळीपर्यंत इंग्रजीच्या तासाला तोंड उघडलं नाही.

*

आमचे मुख्याध्यापक, म्हणजे मोठे सर. कुणी पाहुणा आला की सुरू, "माय स्कूल, माय स्टाफ, माय रिझल्ट!"

मुलींच्या संडासाचं दार मोडलं. पोरी दिवसभर पाणी प्यायच्या बंद झाल्या. मी तीनदा सांगायला गेले. तिसऱ्यांदा मोठे सर वैतागले, "मॅडम, युवर गर्ल्स, युवर प्रॉब्लेम!"

शेवटी गणिताच्या काझी सरांनी घरून पत्रा आणला अन् रविवारी स्वतः दार ठोकलं.

पंधरा ऑगस्टला मोठे सर माईकवर सगळ्या गावासमोर म्हणाले, "माय टॉयलेट इज रेडी!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. काझी सर जमिनीकडं बघत होते.

*

काझी सरांकडं वडिलांची जाडजूड डिक्शनरी आहे. तिच्यात आम्ही दोघांनी 'माय' शोधला. मूळ शब्द 'माईन'सारखाच होता म्हणे. पुढं व्यंजन आलं की शेवटचा न लोकांना जड जायला लागला. हळूहळू तो गळाला अन् 'माय' उरला. मला इतका आनंद झाला! सातवीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. पोरंही डोळे मोठे करून ऐकत होती.

मोठे सर दारात थांबले. "हे पेपरात येतं का?"

"नाही सर."

"मग काहून पोरांचा टाइम खाऊन राहिल्या?"

काझी सर बाहेरूनच म्हणाले, "शब्दाला बी खानदान असतं, सर."

"पोर्शन झाला का?"

फळा पुसला. मोठ्या सरांनी, स्वतःच्या हातानं!

*

मग सहामाहीत 'माय फादर' हा निबंध आला. पेपर मोठ्या सरांनी तपासले अन् दोन पेपर नाचवत सहावीत शिरले. मी तिथंच होते.

"नक्कल! बापाचं नाव तेच, मिशा त्याच, काळी जीप तीच, जीपवर लिहिलेलं वाक्यसुद्धा तेच! उभे राहा!"

सविता उभी राहिली. आईसोबत ती मामाच्या घरी राहते. मागच्या बाकावरून अजय उठला. तो त्याच वर्षी सेनगावहून आमच्या शाळेत आला होता. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

"कुणी कुणाचं बघून लिहिलं?"

अजय रडायला लागला. मोठ्या सरांनी त्याचा कान धरला. मी पुढं झाले, "सर, सोडा त्याला!"

"तुम्ही मधात पडू नका, मॅडम!"

तेव्हा सविता बोलली. आवाज बारीक, पण शब्द न शब्द स्पष्ट.

"सर, त्याला मारू नका. त्यानं माझं बघितलं न्हाई, मी त्याचं बघितलं न्हाई. माय फादर इज हिज फादर."

मोठ्या सरांनी कान सोडला, चष्मा पुसला, पेपर माझ्या हातात दिले.

"वाक्य बराबर आहे. बस खाली."