नानांच्या ट्रॅक्टरचे चार बोल्ट

इंजिन साखळीला लटकलेलं होतं, आबा खुर्चीत बसून घड्याळ बघत होते आणि मी अ‍ॅम्बेसेडरखाली उताणा पडून एका बोल्टाला शिव्या घालत होतो. बोटानं फिरवला की अर्धा फेरा जायचा आणि थांबायचा.

"बसला का?" आबांनी वरून विचारलं.

"बसतोय."

"सकाळपासून बसतोयच का?"

वडवणीत बीड रोडला माझं गॅरेज आहे. जीप, टेम्पो, ट्रॅक्टर, जे येईल ते उघडतो. पण आबांची अ‍ॅम्बेसेडर हे वेगळंच प्रकरण. आबा आमच्या तालुक्यातले जुने पुढारी. आयुष्यातला पहिला फॉर्म त्यांनी ह्याच गाडीतून जाऊन भरला आणि निवडून आले. मग दर निवडणुकीला हीच गाडी. आता वय अठ्ठ्याहत्तर, स्वतः उभे राहत नाहीत. ह्यावेळी मुलगा, विक्रमदादा, पंचायत समितीला उभा राहणार होता. आबांनी घरात ठणकावून सांगितलं होतं, "अ‍ॅम्बेसेडर निघाली तरच मी तहसीलला येईन." आणि आबा आले नाहीत तर दादाच्या मागं चहा प्यायलासुद्धा कुणी थांबत नाही, हे तालुक्याला ठाऊक होतं. दादालाही ठाऊक होतं. फॉर्मची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला संपत होती.

आता जरा समजावून सांगतो. इंजिन गाडीत नुसतं ठेवलेलं नसतं. त्याच्या दोन्ही अंगांना लोखंडी ब्रॅकेट, ब्रॅकेटखाली रबर, रबराखाली चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. ह्या सगळ्याला आम्ही फौंडेशन म्हणतो. ब्रॅकेट इंजिनाला धरून ठेवायला बोल्ट चारच. पण ते चार निसटले की इंजिन जागेवरून उठतं, पंखा रेडिएटरमध्ये घुसतो आणि वर मिस्त्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो.

त्यात आजकालच्या गाड्यांचे बोल्ट मिलीमीटरमध्ये, आणि ही म्हातारी इंचातली. शिवाय हिचे आटे बारीक. आटे म्हणजे बोल्टावर गोल फिरत जाणारी ती चरी. दोन्ही बोल्ट शेजारी ठेवले तर सख्खे भाऊ वाटतात. चुकीचा बोल्ट जोर लावला तर आत जातोही. पण जाताना इंजिनातले आटे कापत जातो. मग ते भोक कायमचं बाद, आणि असलं इंजिन आता आणायचं कुठून? म्हणून मी सकाळपासून बोटानंच फिरवत होतो. पान्याला हात लावायची हिंमत नव्हती.

मग बरोबरचे चार बोल्ट गेले कुठं? इंजिन उतरवलं तेव्हा मी स्वतः ते फडक्यात बांधून, वर खडूनं 'फौंडेशन' लिहून ठेवले होते. मी बाहेर येऊन शेजारच्या पंक्चरवाल्यावर ओरडलो, "माझं सामान कोण हलवतंय बे?"

तो ट्यूब पाण्यात बुडवत म्हणाला, "मिस्त्री, खंडेनवमीला तुमीच समदं परातीत वतलतं की."

अरे देवा.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. पाने, जॅक, हातोडे, सगळं धुऊन पुसून मांडायचं. मला ह्या वर्षी काय अवदसा आठवली, मी आबांच्या गाडीची सगळी फडकी सोडली, सगळे नट-बोल्ट एका परातीत डिझेलनं धुतले आणि हळदकुंकू वाहिलं. काय चकाकत होते! त्याच दुपारी आबा आलते. दसऱ्याला त्यांच्या अंगणात गाडीला झेंडूचा हार पडतो. तोंड पाडून म्हणाले, "गाडी इथं उघडी पडली. घरी पूजा कशाची करू?"

मी मोठ्या दिमाखात परातीतले चार बोल्ट उचलले आणि त्यांच्या ओंजळीत टाकले. "घ्या आबा. हेच इंजिनाचे पाय हायत. ह्यांची पूजा केली म्हणजे गाडीची केली." पायच होते ते, ह्यात चूक नव्हती. फक्त ते परत आणायला सांगायचं विसरलो.

"आबा," मी आता अगदी हळू आवाजात विचारलं, "ते पुजेचे बोल्ट कुठं हायत?"

"देव्हाऱ्यात असतील की." त्यांनी घरी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्यांची बायको, आमच्या काकू, म्हणाल्या, "ते व्हय? ते घटासंगं गेले."

"कुठं गेले?"

"हिरीत. दसऱ्याला घट उठवला, निर्माल्य हिरीत सोडलं, त्यातच. हळदकुंकू वाहिलेलं घरात कशाला लोळवत ठेवायचं?"

ह्या वर्षी पाऊस लई झाला होता. विहीर काठोकाठ. आबा गंभीरपणे म्हणाले, "दोन मोटारी लावून उपसू का?"

"आबा, फॉर्म उद्या हाय. पुढच्या निवडणुकीला न्हाई."

तेवढ्यात विक्रमदादा आला. पांढरी मोठी गाडी, कानाला फोन. सगळं ऐकून म्हणाला, "मिस्त्री, एक दिवसापुरतं वेल्डिंग मारा ना."

"दादा, इंजिन थरथरतं म्हणून तर खाली रबर हाय. वेल्डिंग मारलं तर तहसीलच्या दारात ब्रॅकेट तुटंल."

"मग कायबी बोल्ट टाका!"

"कायबी टाकून निवडणूक लढता येते, इंजिन न्हाई बसत."

आबा खदाखदा हसले. दादा हसला नाही. "उद्या गाडी निघायलाच पायजे, मिस्त्री," एवढंच म्हणाला. त्याचा चेहरा खरंच उतरला होता. मला वाटलं, पोराला निवडणुकीची काळजी आहे.

बीडच्या पार्टवाल्याला फोन केला, तो म्हणाला चार दिवस लागतील. मग मी त्याच गाडीच्या गिअरबॉक्सचा एक बोल्ट नमुना म्हणून खिशात टाकला, मापाला ब्रॅकेट हातात घेतलं आणि बाजारात शिवाप्पांच्या हार्डवेअरमध्ये गेलो. अप्पांचं दुकान आजोबांच्या वेळचं. मागच्या खोलीत काय काय पडलंय ते त्यांनाही सांगता येणार नाही.

अप्पांनी नमुन्यावरून नख फिरवलं आणि आतून एक बोल्ट आणला. तीन सुताचा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आम्ही अजून त्यातच बोलतो. जाडी बरोबर होती, पण आटे मोठे.

"अप्पा, हा पाळण्याला चालंल. मला इंजिन टांगायचंय."

अप्पांनी फळ्या धुंडाळल्या, डबे उलटे केले, धोतर धुळीनं भरून घेतलं. शेवटी कपाळाला हात लावला. "असला बोल्ट जुन्या ट्रॅक्टरला असायचा, मिस्त्री. तेलगाव रोडला नानांच्या शेतात पडलाय बघा एक."

"नाना? अहो, तेच तर दादाच्या विरोधात उभे हायत!"

"मग? बोल्टाला पक्ष असतो का?"

नानांचा ट्रॅक्टर लिंबाखाली उभा होता. पुढची चाकं गायब, सीटवर कोंबडी बसलेली. नाना बाजेवर बसले होते, भोवती पाच-सहा कार्यकर्ते. थाप मारायचा विचार होता, पण माझ्या हातात अ‍ॅम्बेसेडरचं ब्रॅकेट होतं आणि आबांची अट अख्ख्या तालुक्याला पाठ होती. खरं ते सांगून टाकलं. गाडी निघाली नाही तर आबा येणार नाहीत, आबा नाहीत तर दादा नाही. नानांनी नुसतं 'न्हाई' म्हटलं असतं तरी त्यांचं काम झालं असतं.

नाना म्हणाले, "काढ की. चार काय, आठ काढ."

मला वाटलं, नीट ऐकलं नसेल. "नाना, आबांच्या गाडीला पायजेत. उद्या फॉर्म हाय दादाचा."

"कळलं की बाबा. आबांची गाडी हाय, निघाली पायजे. ए, मिस्त्रीला रॉकेल द्या. च्या टाका."

मला अक्षरशः गहिवरून आलं. पुढारीसुद्धा कधीकधी माणूस असतो, असं वाटलं. बोल्ट गंजून धरलेले होते. रॉकेल सोडलं, हातोडीनं हलके ठोके दिले, तास-दीड तास घाम काढला. एकेक करत कुईकुई करत चारी निघाले. तारेच्या ब्रशनं घासले, गॅरेजवर आणले, इंजिनाला लावले. बोटानं फिरवला तर शेवटच्या आट्यापर्यंत सरसर गेला. मी गाडीखालूनच ओरडलो, "आबा, बसला!" त्यांनी वरून बॉनेटवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅम्बेसेडर पहिल्या स्टार्टला उठली. पुढं आबा, फेटा बांधून. मागं दादा. तहसीलसमोर हलगी वाजत होती. फॉर्म अडीचला भरला गेला. आबांनी माझा हात धरला आणि फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले. मीही रडलो, लपवत नाही.

नानांच्या विरोधात अजून दोघं-तिघं तयारीत होते. पण आबांच्या गाडीतून दादा फॉर्म भरतोय म्हटल्यावर तेही बाजूला झाले. तगडा माणूस उभा आहे, आपण कशाला मतं फोडायची? कुणी फॉर्म भरला नाही.

माघारीच्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या अर्ध्या तासात, दादा आपल्या पांढऱ्या गाडीतून तहसीलला गेला आणि फॉर्म मागं घेतला. नाना बिनविरोध. दादाला बाजार समितीवर घेणार, हे संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवरसुद्धा ठाऊक झालं. तेव्हा मला नानांच्या चहाची चव कळली. दादाचा फॉर्म नसता तर दुसऱ्या कुणीतरी भरला असता. त्या फॉर्मची दादापेक्षा नानांनाच जास्त गरज होती.

आबांना ह्यातलं काही आधी ठाऊक नव्हतं, त्यांनाही ते गावाबरोबरच कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच अ‍ॅम्बेसेडर चालवत गॅरेजवर आले. दाढी वाढलेली. उतरले आणि उभ्या उभ्याच विचारलं, "गोविंदा, ते बोल्ट कुठून आणलेस?"

बीडहून, असं म्हणता आलं असतं. जीभ वळली नाही. "नानांच्या ट्रॅक्टरचे."

"कशाला पायजेत ते त्याला सांगितलतंस?"

"सांगितलतं. लगेच दिले."

आबांनी बॉनेटकडं बोट केलं. मग म्हणाले, "काढ ते."

"आबा, दुसरे न्हाईत. काढले तर गाडी हितंच बसंल."

त्यांनी स्वतः बॉनेट उचललं, वाकून बघितलं, इंजिनावर हात ठेवला. "घट्ट हायत का?"

"लई घट्ट."

"मग राहू दे. आमच्या घरातलं तेवढंच काय ते जागेवर हाय."

बॉनेट लावलं आणि गेले. मी तिथंच उभा राहिलो. आटे मी चारदा तपासले होते. देणाऱ्याला तपासायचं राहून गेलं.